मदत हवी आहे: व्हीलचेअरवरच्या आईला हतनूर धरणाच्या पाण्यापर्यंत कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. राहायला जळगावात, माहेर भुसावळचं. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. वय ७१. चार पायांची काठी धरून घरात दहा-बारा पावलं टाकते, बाहेर मात्र व्हीलचेअरच. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पण आजारपणानंतर बोलणं येतं ते माहेरच्या अहिराणीत. परवा चहा पिता पिता म्हणाली, "माले हतनूर देखनं शे."

दर हिवाळ्यात ती शाळेच्या पोरांना तिथे पक्षी दाखवायला न्यायची. चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब ही नावं मी तिच्याकडूनच शिकले. त्यामुळे नाही म्हणवेना.

सराव म्हणून आधी जवळच्याच एका तलावाकाठच्या बागेत नेलं (नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको). मोटारसायकली आत जाऊ नयेत म्हणून फाटकातच लोखंडी पाइप रोवलेले. खुर्ची अडकली. घरून टेप नेऊन मोजलं तर दोन पाइपांमधली जागा ५८ सेंटीमीटर आणि खुर्ची ६४. वॉचमनदादा बिचारे धावत आले, दुसरं मोठं गेट आहे म्हणाले, पण त्याची किल्ली ज्यांच्याकडे, ते लग्नाला गेलेले. शेवटी आईला दोघांनी उचललं, खुर्ची घडी करून आडवी काढली. बायाबापड्या चालायचं थांबवून बघत होत्या. आई मान खाली घालून पदर नीट करत राहिली.

आत गेल्यावर पेव्हर ब्लॉक. मुळांनी उचललेले. पुढचं छोटं चाक फटीत रुतलं की खुर्ची पुढे झुकते. दोनदा तिचा उजवा पाय पायटीवरून घसरला आणि खाली घासला. तिला त्या बाजूला नीट कळत नाही, घरी आल्यावर अंगठा सोललेला दिसला.

आता प्रश्न. हतनूरला फुगवट्याच्या (धरणामागे साचलेल्या पाण्याच्या) बाजूला गाडी पाण्याच्या किती जवळ जाते? खाली उतरवून निदान पन्नास पावलं खुर्ची ढकलता येईल अशी घट्ट जमीन कुठे आहे? कमोडचं स्वच्छतागृह जवळपास आहे का? (हा प्रश्न लोकांना क्षुल्लक वाटतो, ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना विचारा.) तोरणमाळचा यशवंत तलावही कुणी सुचवला, पण तो सातपायरीचा घाट तिला झेपेल असं वाटत नाही.

आणि कृपा करून "गाडीतूनच दाखवा" असं सांगू नका. दोन वर्षं ती खिडकीतूनच जग बघतेय.

प्रतिसाद १:
ताई, तरी गाडीचं थोडं ऐका. पक्षी चालत्या माणसाला बिचकतात, उभ्या गाडीला तेवढे नाहीत. आधी अर्धा तास गाडीतून बघू द्या, मग उतरवा. फुगवट्याचा काठ म्हणजे काळी माती. पाणी मागे सरकलं की गाळ वरून सुकल्यासारखा दिसतो, आतून लोणी. चाक गेलं की गेलं. गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात पीक) करणाऱ्यांची बैलगाडीची वाट जिथे पाण्याकडे उतरते तिथे जमीन दाबलेली असते, ती शोधा. आणि आईंना नेण्याआधी एकटीने जाऊन या. मी हे वडिलांच्या वेळी केलं नाही, म्हणून सांगतो.

प्रतिसाद २:
खडबडीत वाटेवर खुर्ची ढकलू नका, वळवून उलटी ओढा. मोठी चाकं आधी जातात, छोटी मागून येतात, रुतत नाहीत. उतारावरही उलटंच, तुम्ही खालच्या बाजूला. पायाला पोटरीमागून रुंद पट्टा बांधा आणि बंद बूट घाला, चप्पल नको. चढाचा हिशेब: एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा रॅम्प. त्याहून उभा असेल तर एकट्या बाईने जाऊ नये.

त्या फाटकाचं मात्र सोडू नका. खुर्चीला किमान ९० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागांना लागू आहे. टेप लावलेला फोटो जोडून आधी बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना लेखी द्या, पोच घ्या. दाद नाही लागली तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. पाइप काढायची गरजच नाही, एक पाइप सरकवला तरी काम होतं. हेच अर्जात लिहा, उपाय सोपा दिसला की फाइल हलते.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. उलटी ओढायची युक्ती आज सोसायटीच्या खडीवर करून पाहिली. जमली. आई मात्र रागावली, "माले मांगे काय देखाडस?" तिचंही खरंच, तोंड पाण्याकडे हवं. म्हणजे नेताना उलटी आणि काठाशी पोचल्यावर वळवायची, तेवढी सपाट जागा हवी.

रविवारी टेप आणि भावाला घेऊन हतनूरला जाऊन येते. अर्ज लिहिलाय, पोच मिळाली की इथे टाकेन. स्वच्छतागृहाचं अजून कुणीच सांगितलं नाही. भुसावळ-वरणगाव रस्त्यावर कमोड असलेला पेट्रोल पंप किंवा हॉटेल माहीत असेल तर प्लीज लिहा, दाराला एक पायरी असली तरी चालेल, तीन नकोत.