व्यायामाचा फेरपालट : वर्षभर तुमचं काय काय चालतं? (अनुभव धागा)

गंगावेसकर

काल संध्याकाळी इथं कोल्हापुरात दूध कट्ट्यावर गेले होते. म्हैस पिळून होईपर्यंत उभी होते, तेवढ्यात तालमीकडनं बैठकांचा आवाज आला. पोरांचे श्वास, पायांची थपथप आणि मधूनच वस्तादांचं "हां, दम सोडू नको". दूध घेऊन झालं तरी पाय तिथनं निघेनात.

आमचे आबा पैलवान नव्हते. मार्केट यार्डात गुळाच्या आडत दुकानात दिवाणजी होते, दिवसभर मांडी घालून वह्या लिहायचे. पण त्यांच्या व्यायामाचं वर्ष ठरलेलं असायचं. उन्हाळा आला की पहाटे पंचगंगेवर पोहायला. नदीला गढूळ पाणी आलं की पोहणं बंद, मग सोप्यात जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार. दसरा झाला की रविवारी चालत जोतिबा. थंडीत करेला, म्हणजे जड लाकडी मुदगल, फिरवायचे, तो शेजारच्या तालमीतनं आणलेला असायचा. आई म्हणायची, एकच काहीतरी धरा की! त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं : "अंग एका कामाला सोकावलं की ते काम अंगाला लागत नाही."

मला हे आता पन्नाशीत पटतंय. सध्या माझं असं आहे : तीन दिवस रंकाळा तलावाची फेरी, दोन दिवस घरात रबरी पट्टा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन ताकदीचा व्यायाम, एक दिवस योगासनं. पाऊस लागला की मात्र घडी विस्कटते. तुम्ही कसं जमवता? काय बदलता, कधी बदलता? सविस्तर लिहा. आबांबद्दल लिहिताना लई बरं वाटलं.

पेठेतला_फुटबॉल

बैठकांचा आवाज म्हणालात आणि अंगावर काटा आला. संध्याकाळी लिहितो, आत्ता पोराला शाळेत सोडायचंय.

निवृत्त_मास्तर

ताई, आबांचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

मी तरुणपणी तालमीत राहिलेला माणूस. बाहेरच्यांना वाटतं, पैलवान म्हणजे रोज उठून कुस्ती. तसं नसतं. पहाटे लढती असल्या तर संध्याकाळी जोर-बैठका. एखादा दिवस नुसता हौदा उकरायचा. फावड्यानं लाल माती खालीवर करणं हा खांदा, कंबर आणि पकड यांचा सगळ्यांत मोठा व्यायाम. मग दोरावर चढणं. मग कुणाला तरी खांद्यावर घेऊन बैठका. ज्या दिवशी अंग आंबलेलं असेल त्या दिवशी फक्त मालिश आणि हलकं पळणं. हे कुणी कागदावर लिहून दिलेलं नव्हतं, वस्ताद पोराच्या चालण्याकडं बघून सांगायचे. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालतात. पावसाळ्यात दार उघडलं की जो वास यायचा तो मला अजून ओळखू येतो.

कुस्तीचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, 1912 साली ते सुरू झालं. पण त्याच्याही आधीपासून गल्लोगल्ली तालमी होत्या, आणि तिथं येणारी सगळीच पोरं पैलवान व्हायला येत नव्हती. कुणी न्हावी, कुणी गवंडी, कुणी कारकून. आपल्या गावची खरी शिकवण ती आहे असं मला वाटतं. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकला कुस्तीत कांस्य जिंकलं ते सगळ्यांना माहीत असतं. ते इथं राजाराम कॉलेजात शिकत होते हेही पोरांना सांगत जा.

आता सत्तरी ओलांडली. लढती नाहीत. सकाळी चालणं, दिवसाआड भिंतीला हात लावून जोर आणि खुर्चीवरनं उठबस. गुडघा सांभाळून.

पोळ्या_झाल्या

मास्तर, खुर्चीवरनं उठबस किती वेळ? सासऱ्यांना सांगायचंय. ते चालण्याशिवाय कशाला व्यायाम म्हणायलाच तयार नाहीत.

निवृत्त_मास्तर

दम लागेपर्यंत नको, बोलता येईल इतपत. हात न टेकता उठता आलं की पुढची पायरी. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

फिजिओ_राजारामपुरी

दोन पेशंटच्या मधे लिहितेय, चुका पोटात घाला.

ज्यांचं "नुसतं चालणं" असतं त्यांना मी रोज सांगते : चालणं उत्तम आहे, हृदयाला आणि साखरेला चांगलं आहे, पण हाताला, पाठीला आणि पकडीला त्यातनं काही मिळत नाही. वयाबरोबर स्नायू कमी होत जातात. ते टिकवायचे तर वजन उचलायला, ओढायला, ढकलायला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये जे सांगितलं त्यातही हेच आहे. मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. 65 च्या पुढच्यांनी तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम मिळून आठवड्यातनं तीन दिवस तरी करावेत, म्हणजे पडणं टळतं.

फेरपालटाचा दुसरा फायदा म्हणजे दुखापत. रोज एकाच तऱ्हेनं हललं की त्याच सांध्यावर, त्याच नसेवर ताण येत राहतो. पोहताना गुडघ्यावर वजन येत नाही, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना ते मानवतं. पण हाडं मजबूत व्हायला अंगाचं वजन पायावर यावं लागतं, ते पोहण्यात नाही. म्हणून दोन्ही पाहिजे. गंगावेसकर ताई, तुमचा आठवडा छान आहे. त्यात एका पायावर उभं राहणं तेवढं घाला, दात घासताना केलं तरी चालेल. बेसिनला एक हात असू द्या.

आले, पेशंट आले.

शिरोळचा_ऊसवाला

ताई, आमच्याकडं लोक म्हणत्यात, शेतकऱ्याला व्यायाम कशाला? मीबी तसंच म्हणायचो. भांगलण, पाला काढणं, खताची पोती, पाण्याची पाळी, रातची लाईट आली की मोटर चालू करायला चिखलातनं जाणं. अंग हालतंयच की. पण सगळं वाकूनच असतंय. फुडं वाकायचं, उचलायचं, परत फुडं वाकायचं. मागं वाकायचं काम शेतात कुठलंच न्हाई. कंबर धरली तवा दवाखान्यातल्या बाईंनी ह्येच सांगितलं. आता संध्याकाळी गोठ्याच्या आडव्या तुळईला लोंबकळतो आणि अंगणात घोंगडं टाकून भुजंगासन करतो. म्हैस बघत बसती. कंबर मोकळी झाली बगा.

ज्येला जे काम पडतंय त्येच्या उलटा व्यायाम करायचा, आमचा हिशोब एवढाच.

फिजिओ_राजारामपुरी

ऊसवाले दादा, हे मी माझ्या पेशंटना वाचून दाखवणार आहे. तुळई मजबूत आहे ना तेवढं बघा.

शिरोळचा_ऊसवाला

सागवानी हाय ताई. आज्जाच्या काळची.

बावड्याची_सून

पावसाचं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्याकडं जुलै उजाडला की सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. सकाळी चहाच्या आधी फूट किती झालं ते बघतो. 2019 ला आम्ही नणंदेकडं राहायला गेलो. पाणी उतरल्यावर घरी आलो तर चिखलच चिखल. तो उपसणं, गाद्या ओढणं, भिंती घासणं. महिनाभर दुसरा व्यायाम लागलाच नाही, आणि तो व्यायाम कुणाच्या वाट्याला येऊ नये.

त्यानंतर मी ठरवलं की पावसाळ्यात बाहेरच्या कशावर अवलंबून राहायचं नाही. आता पावसाळ्यात माझे चार प्रकार. एक दिवस जिना : जावेच्या अपार्टमेंटला जातो, चढतो-उतरतो, वर गच्चीच्या दाराशी थांबून पाणी पितो. एक दिवस सूर्यनमस्कार. एक दिवस दोरीवरच्या उड्या, पण खालच्या मजल्यावर, नाहीतर लोकांच्या डोक्यावर धपधप. आणि एक दिवस पोरीसोबत झिम्मा-फुगडी. हसू नका. फुगडीनं जेवढा घाम येतो तेवढा कशानं येत नाही. पंचमी आणि गौरी-गणपतीत तर आमच्या गल्लीत बायका रात्री उशिरापर्यंत खेळतात. आमच्या सासूबाई अजून पिंगा घालतात.

गंगावेसकर

फुगडी! आबांच्या नादात आईचं राहूनच गेलं की. तिची बसफुगडी बघायला शेजारच्या वाड्यातल्या बायका यायच्या. बावड्याच्या वहिनी, पुराचं वाचून वाईट वाटलं. घर आता ठीक आहे ना?

बावड्याची_सून

ठीक आहे ताई. जोतं उंच करून घेतलं. 2021 ला परत पाणी आलं, पण तेव्हा सामान आधीच वर ठेवलं होतं.

लाठी_लेक_आणि_मी

झिम्मा वाचून माझी पण सांगते. लेकीला मर्दानी खेळाच्या वर्गाला घातलं. तिला सोडायचं आणि कट्ट्यावर मोबाईल बघत बसायचं, असं चाललेलं. एक दिवस वस्ताद म्हणाले, "बाई, बसून काय करताय, काठी धरा." धरली. चाळिशीत! आता लाठी, मग बनाटी (टोकांना गोळे असलेली काठी), पुढं फरीगदका (ढाल आणि काठी). दांडपट्ट्याला अजून वेळ आहे.

लोकांना वाटतं हाताचं काम. सगळं पायात आहे. पवित्रा बदलताना घोटा, गुडघा, कंबर एका लयीत फिरायला लागते. सुरुवातीला माझी पिंढरी भरून यायची. ज्या दिवशी वर्ग नसतो त्या दिवशी टेंबलाईची टेकडी चढून येते. आणि आठवड्यातनं एकदा पूर्ण सुट्टी, झोप. सुट्टीला मी व्यायामाचाच भाग धरते, कुणी काही म्हणो.

लेक माझ्यापेक्षा पुढं आहे, तिचा अभिमान वाटतो.

पोळ्या_झाल्या

वर्ग कुठं असतो? बायकांना घेतात ना? वयाची अट?

लाठी_लेक_आणि_मी

व्यनि (खाजगी निरोप) करते. अट नाही, फक्त सलवार-कमीज किंवा ट्रॅक घाला.

बंगळूर_कोल्हापूर_रात्रराणी

रात्रराणी म्हणजे बस. महिन्यातनं एकदा गावी येतो. इथं ऑफिस बसूनच असतं. जिमला पैसे भरलेत, चार महिने एकाच मशिनवर तेच तेच केलं, वजनाचा काटाही हलला नाही आणि जायची इच्छाही उरली नाही. मग वेगळं सुरू केलं : सोमवारी वजनं, मधे एक दिवस बॅडमिंटन, एक दिवस पोहणं, शनिवारी सायकल. प्रत्येक ठिकाणची माणसं वेगळी, हे माझ्यासाठी मोठं कारण. एकट्या माणसाला शहरात ओळखी व्हायला हे बरं पडतं.

गावी आलो की मात्र रंकाळा, मग मिसळ. कट वेगळा मागून.

पेठेतला_फुटबॉल

आलो. मिसळ कुठली ते सांग भावा, नाहीतर धागा सोडणार नाही.

माझं. खेळायचो तेव्हा फक्त फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच म्हणजे घरात जेवण बनायचं नाही, सगळे तिकडंच. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं. बरं होताना कळलं की मांडीच्या मागच्या बाजूला ताकदच नव्हती. सगळी ताकद किक मारायच्या बाजूला. आज पोरांना शिकवतो तेव्हा आठवड्यातनं दोन दिवस बॉल काढूच देत नाही. एका पायावर बैठका, मागं पळणं, आडवं पळणं, उडी मारून अलगद उतरणं. पोरं कुरकुरतात. पण कुणाचा गुडघा माझ्यासारखा जाऊ नये म्हणून मी अडून बसतो.

एक दिवस पोहायला पण नेतो. वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचा, 2008 ला बीजिंग ऑलिम्पिकला पोहला, हे सांगितलं की पोरं पाण्यात उतरतात.

बंगळूर_कोल्हापूर_रात्रराणी

मिसळीचं नाव लिहिलं तर इथं दोन गट पडतील. भेटल्यावर सांगतो.

मसाई_पठार

आम्ही काही जण दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालतो. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून ज्या वाटेनं गेले ती वाट. चिखल, जळवा, धुकं, ओढे. त्या चालीसाठी म्हणून माझा सगळा वर्षाचा व्यायाम ठरतो. मार्चपासून पाठीवर सॅक घेऊन चढ, मेमध्ये पोहणं, जूनमध्ये घोट्याचे आणि तोलाचे व्यायाम, कारण तिथं घसरतं. पावनखिंडीहून आलो की दोन आठवडे फक्त योगासनं. समोर काहीतरी असलं की फेरपालट आपोआप होतो असा माझा अनुभव. मसाई पठारावर पाऊस तोंडावर घेत चालताना जे वाटतं ते मला लिहिता येत नाही, या एकदा.

पोळ्या_झाल्या

जळवांना काय करता?

मसाई_पठार

तंबाखू चुन्यात मळून मोज्यावर चोळतात काही जण. मी मीठ ठेवतो. लागली तरी घाबरायचं नाही, ओढून काढायची नाही, नख कडेनं सरकवून सोडवायची.

शिरोळचा_ऊसवाला

आमच्यात जळू न्हाई, पण साप हाईत. गमबूट घाला.

निवृत्त_मास्तर

पोळ्यावाल्या बाई, सासऱ्यांचं काय झालं?

पोळ्या_झाल्या

मास्तर, वाचून दाखवलं सगळं. तालमीचं ऐकून सावरून बसले, म्हणाले मी पण लहानपणी हौदा उकरलाय. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! आता खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलीय, उद्या डॉक्टरांना विचारून सुरू. अंगणात गुलाबाचा वाफा उकरायचाय, तो पण मीच उकरणार म्हणतायत.

फिजिओ_राजारामपुरी

वाफा उकरू देत, पण लहान खुरपं आणि स्टुलावर बसून. पहिल्या दिवशी दहा मिनिटं बास.