हा नंबर कुणाचा?

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते १२ टाकीची साफसफाई. पाणी भरून ठेवा.

बी-२०४ सर: ३८१६५४७२९०

ए-१०१ काकू: सर, टाकीवाल्याचा का? लावून बघितला, लागत नाही.

ए-५०३: काकू, मोबाइल नंबर ३ने सुरू होत नाही. ६, ७, ८ नाहीतर ९.

बी-२०४ सर: फोनचा नाहीच तो. ग्रुपवर एवढी इंजिनिअर मंडळी आहेत म्हणून टाकला. ० ते ९ सगळे अंक एकेकदाच. आता डावीकडून बघा. ३८ला २ने भाग जातो, ३८१ला ३ने, ३८१६ला ४ने... असं करत पूर्ण संख्येला १०ने.

बी-४०१: ३८१६५४७ भागिले ७, बरोबर ५४५२२१. खरंच की!

ए-५०३: प्रोग्रॅम चालवला. शून्याने सुरू होणाऱ्या सोडून ३२,६५,९२० संख्या तपासल्या. ही एकच निघाली 😲

बी-२०४ सर: निघाली, पण एकच का? कागद घे. शेवटी ०, पाचव्या जागी ५, इथे पर्यायच नाही. दुसरी, चौथी, सहावी, आठवी जागा समांची, म्हणजे उरलेल्या विषमांच्या. चौथ्याच्या आधी विषम अंक, म्हणून ४ने भाग जायला तिथे २ किंवा ६च हवा. आठव्या जागीही तेच. मग ४ आणि ८ जाणार दुसऱ्या-सहाव्या जागी. चौथा-पाचवा-सहावा यांची बेरीज ३च्या पाढ्यात हवी, म्हणून मध्ये २५८ किंवा ६५४. पहिल्या तिघांची बेरीज बघितली, ८ची कसोटी लावली, की दहाच उमेदवार उरतात.

ए-१०१ काकू: अहो, मग दहाचा एक कसा झाला?

बी-२०४ सर: ७मुळे. तिथे सरळ भागूनच बघायचं. नऊ जण गळतात. ९८७६५४३ दिसायला किती देखणी, पण बाकी ५ उरते.

बी-४०१: आणि ९?

बी-२०४ सर: ९ची कटकटच नाही. १ ते ९ची बेरीज ४५, कसेही मांडा, भाग जातोच.

सी-३०२: सर, शुभ असेल तर नवीन गाडीला ३८१६ घेतो 🙏

बी-२०४ सर: घ्या की, पण शुभबिभ काही नाही त्यात. आपण दशमानात लिहितो म्हणून ही गंमत. दुसऱ्या पद्धतीत लिहिली की गेली. आपले गणिती कापरेकर मास्तर, त्यांचा ६१७४सुद्धा दशमानातलाच. (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करत राहा, शेवटी तोच येतो.)

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय.

ए-५०३: शेवटचं एकच, सेक्रेटरीसाहेब. सर, अंक परत वापरायची मुभा दिली तर?

बी-२०४ सर: तर २५ अंकांपर्यंत जाता येतं. ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पुढे वाट बंद.

ए-५०३: सव्विसाव्या जागी दहाही अंक लावून बघितले. एकही बसत नाही.