पाइपात पाणी निवत नाही का?

वर कुणीतरी विचारलंय, घरं उबदार ठेवायला एका ठिकाणाहून गरम पाणी शहरभर फिरवायचं तर ते वाटेतच निवणार नाही का? आइसलँडमधलं रेक्याविक बघा. नेस्यावेट्लिरच्या भूऔष्णिक (जमिनीखालची उष्णता वापरणाऱ्या) केंद्रातून १९९० पासून शहराकडे पाणी येतंय, तेही २७ किलोमीटरवरून. निघताना ८० अंशांच्या वर आणि वाटेत घट जेमतेम दोन अंशांची! करामत आहे ती पाइपाभोवतीच्या जाड उष्णतारोधक थराची आणि भरपूर प्रवाहाची. (आमच्या गच्चीवरच्या सोलरचं पाणी तळमजल्यावर कोमट होऊनच पोचतं, ते सोडा.)

रेक्याविकमध्ये गरम पाणी पुरवण्याची सुरुवात मात्र या केंद्राच्या बरीच आधी आणि छोटीच झाली होती. १९३० मध्ये एक शाळा, इस्पितळ, पोहण्याचा तलाव आणि साठ-सत्तर घरं. त्यामुळे सार्वजनिक इमारती आधी जोडाव्यात, ही या चर्चेच्या मूळ धाग्यातली सूचना मला पटते. एवढं मोठं गिऱ्हाईक एका जोडणीत मिळतं.