राजकारणातला ‘रोमँटिक’ : मराठीत काय म्हणावं?

बोरू : नेपोलियनच्या काळातल्या प्रशिया या जर्मन राज्यावरचा एक लेख मराठीत करतोय. त्यात एकीकडे रोमँटिसिझम (भावना आणि कल्पनाशक्तीला मान देणारा प्रवाह) आणि दुसरीकडे एनलायटनमेंट या अठराव्या शतकातल्या बुद्धिवादी चळवळीची ‘रीझन’, म्हणजे तर्कबुद्धी, अशी जोडी सारखी येते, तीही राजकारण आणि युद्ध यांच्या संदर्भात. ‘स्वच्छंदतावाद विरुद्ध प्रबोधनकालीन विवेक’ लिहून ठेवलंय, पण खटकतंय.

मोडीवाला : खटकणारच. स्वच्छंदतावाद कवितेच्या समीक्षेत ठीक आहे. राजकारणात अर्थ जवळजवळ उलटा होतो. १८०७-०८ च्या हिवाळ्यात प्रशियाची राजधानी बर्लिन फ्रेंचांच्या ताब्यात असताना फिश्ट या तत्त्वज्ञाने जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्यानं दिली. त्यांत माणसाने स्वच्छंद व्हावं असं काही नाही. राष्ट्रासाठी स्वतःला वाहून टाकावं असं आहे. कवी थिओडोर क्योर्नर नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या लुट्झोच्या स्वयंसेवक पलटणीत गेला आणि १८१३ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी लढताना मेला. त्याला स्वच्छंदी म्हणणार? सरळ ‘रोमँटिक राष्ट्रवाद’ लिहा. सिनेमातली जोडपी डोळ्यांसमोर येतील अशी भीती असेल, तर पहिल्यांदा शब्द येईल तिथे एक वाक्य खर्च करा.

उंबरठा : ‘प्रबोधन’ही नको. शाळेच्या पुस्तकांत तो शब्द रेनेसाँसाठी आहे, आणि आपल्याकडे त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांमुळे समाजजागृतीचा वास आहे. ‘ज्ञानोदय’ बरा. (हे नाव १८४२ पासून नगरच्या मिशनऱ्यांच्या नियतकालिकाचं होतं, हा योगायोग मला भारी वाटतो.)

मोडीवाला : आणि ‘विवेक’ सरसकट नको. विवेकात सारासार येतं, बरंवाईट येतं. तत्त्वज्ञ कांटच्या बाबतीत चालेल. पण युद्धशास्त्रातली त्या काळची ‘रीझन’ बऱ्याचदा निव्वळ भूमिती होती. ब्यूलोव्ह या प्रशियन युद्धलेखकाने १७९९ च्या ग्रंथात रसदीच्या तळाच्या दोन टोकांपासून लक्ष्यापर्यंत काढलेल्या रेषांमधला कोन मोजून मोहीम जमेल की फसेल ते ठरवायचा घाट घातला. कोन ९० अंशांपेक्षा लहान नको म्हणे! तिथे ‘हिशेबी बुद्धी’ किंवा ‘गणिती तर्क’. यात विवेक कुठे आला?

बोरू : पटलं. मग क्लाउझेवित्झ, तो प्रशियन अधिकारी आणि युद्धविचारवंत, कुठल्या रकान्यात? लेखात तो रोमँटिकांत धरलाय.

मोडीवाला : एका रकान्यात तो मावत नाही. १८०५ मध्ये त्याने ब्यूलोव्हवर निनावी टीका केली, १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा पराभव केल्यावर फ्रेंचांच्या कैदेत पडला, १८१२ मध्ये आपल्या राजाचं नेपोलियनशी हातमिळवणीचं धोरण झुगारून रशियाच्या फौजेत गेला. इथवर रोमँटिक म्हणा हवं तर. पण १८३२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, पत्नीने छापलेल्या ग्रंथात तो युद्धाचे तीन घटक सांगतो : द्वेषाचा आंधळा आवेग, योगायोगांचा खेळ, आणि धोरणाचं साधन म्हणून बुद्धीचा ताबा. पहिला मुख्यतः जनतेकडे, दुसरा सेनापती आणि सैन्याकडे, तिसरा सरकारकडे. म्हणजे तुमच्या जोडीतली दोन्ही टोकं त्याने एकाच व्याख्येत कोंबली, आणि मधे नशीब बसवलं. ‘विरुद्ध’ हा शब्द किमान त्याच्या परिच्छेदातून काढा.

उंबरठा : त्या तिघांना ‘त्रिमूर्ती’ करू नका, प्लीज. ब्रह्मा-विष्णू-महेश येऊन बसतील. ‘त्रयी’ पुरे.

बोरू : त्रयी घेतो. ‘आवेग’सुद्धा उचलतोय, मी तिथे ‘भावना’ लिहिलं होतं, फार मवाळ होतं.