पाड्यावरची मुलं चाचणीत गप्प का बसतात?

प्रश्न: सुरगाणा तालुक्यातल्या दोन अंगणवाड्यांत ४ ते ६ वर्षांच्या मुलांची ‘तरंगणं-बुडणं’ आणि ‘सजीव-निर्जीव’ यांची समज तपासायची आहे. घरची बोली कोकणा. चित्रकार्डं दाखवली की मुलं गप्प बसतात, नाहीतर सगळ्याला ‘हो’ म्हणतात. समज नाही असं धरायचं का?

उत्तर १: मुळीच नको. तो ‘हो’ बऱ्याचदा मोठ्यांचा मान राखायला असतो. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासींबाबत भाषाशास्त्रज्ञांनी हेच नोंदवलंय. म्हणून तिथले संशोधक ‘यार्निंग’ करतात, म्हणजे सोबत बसून गप्पांतून विषयाकडे वळतात. शिवाय एकच प्रश्न दोनदा विचारू नका. पोर ताईच्या तोंडाकडे बघतं, आपलं चुकलं असं समजतं आणि बरोबर उत्तर फिरवतं. रोझ आणि ब्लँक या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये सहा वर्षांच्या मुलांना प्रश्न एकदाच विचारला, तर चुका कमी झाल्या.

उत्तर २: कार्डं बाजूला ठेवा. घमेलंभर पाणी, सुका भोपळा, बांबूचं कांडं, बारका खडा, खिळा एवढं पुरे. भोपळा मोठा तरी तरंगतो, खडा एवढासा तरी बुडतो. मूल नुसत्या आकारावर जातंय का, ते इथे कळतं. कांडं दोन्ही पेरं शाबूत असलेलं घ्या, चिरलेल्यात पाणी शिरून ते कलतं. वस्तू १० मिनिटं हाताळू द्या, पण पाण्यात टाकू देऊ नका. एकदा टाकल्या की अंदाज उरत नाही, उरते ती आठवण. ‘बुडेल का?’ नको, ‘काय होईल, दाखव’ म्हणा. बोट दाखवलं तरी ते उत्तरच. नोंद कोकणा बोलीत शब्दशः करा, मराठी अर्थ शेजारी.

उत्तर ३: सजीव-निर्जीवची उत्तरसूची नाशकात बसून बनवू नका. २००३ च्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या मेनॉमिनी या मूलनिवासी जमातीच्या मुलांनी प्राण्यांची आपसातली नाती धरून उत्तरं दिली: मधमाशीच्या अंगात असलेली एखादी गोष्ट अस्वलातही असेल, कारण ते मध खातं. नुसतं चूक-बरोबर मोजलं तर हा विचार हातचा जातो. मूल वाघदेवाला जिवंत म्हणालं तर खोडू नका. ‘तो खातो का, वाढतो का’ हे वेगळं विचारा.

आणि आधी पाड्याची ग्रामसभा, मग पालक. ऑस्ट्रेलियाच्या २०२० च्या मूलनिवासी संशोधन आचारसंहितेतही समाजाचा स्वनिर्णय पहिला येतो. आवणी (भाताची लावणी) उरकल्यावर जा. दिवाळीनंतर निम्मी घरं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरलेली असतात.