मदत हवी आहे: समोरचा रिंग कापतो, त्यातून सुटायचं कसं?

नमस्कार मंडळी. खानापूरकडे तालमीच्या मागच्या अंगणात दोर बांधून आम्ही काही पोरं बॉक्सिंग करतो. जागा पुऱ्या रिंगपेक्षा लहान आहे, कोच फक्त रविवारी येतात.

अडचण भाच्याची आहे. वय 19, ऑर्थोडॉक्स (डावा हात-पाय पुढे), उंच, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) चांगला. बाऊट तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. सरावाचा जोडीदार साउथपॉ (उजवा हात-पाय पुढे), कुस्तीतून आलेला. तो मागे मागे धावत नाही; तिरपं पाऊल टाकून वाट अडवतो, म्हणजेच रिंग कापतो, आणि याला कोपऱ्यात नेतो. पहिली फेरी आमची, पुढचा ताबा त्याचा.

करून पाहिलेलं: जॅब वाढवला, डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवला, डावीकडे फिरत राहिला. पण दिशा एकच असल्यामुळे समोरचा आधीच तिथं उभा असतो. दमाचा प्रश्न नाही, स्किपिंग आणि पळणं रोजचं आहे.

1974 मध्ये किन्शासात मुहम्मद अलीने दोराला टेकून जॉर्ज फोरमनला दमवलं आणि आठव्या फेरीत पाडलं, हे माहीत आहे. ती लढत 15 फेऱ्यांची होती. इथं तीन फेऱ्यांत दोराला टेकून बसलो तर पंच गुण त्यालाच देणार, म्हणून तो सल्ला नको. वजनी गट बदलायचाही नाही.

दिशा बदलायची वेळ कशावरून ओळखायची: त्याच्या पुढच्या पायावरून, खांद्यावरून, की आपणच हूल देऊन त्याला आधी पाऊल टाकायला लावायचं? आणि दोघांत, एवढ्याशा जागेत, याचा सराव कसा घ्यायचा?