सोसायटीच्या आवारातील शेकोटी, पालापाचोळा आणि फटाके: इंदूरमध्ये नियम काय सांगतो?

प्रश्न : नवे सचिव, सुदामानगर

नमस्कार. आमच्या चोवीस सदनिकांच्या सोसायटीचे सचिवपद यंदा माझ्याकडे आले आणि थंडीबरोबर तीन तक्रारीही आल्या. सफाईचे काम करणारे गृहस्थ कडुनिंबाचा पाला कोपऱ्यात गोळा करून पेटवतात. रात्रीचा पहारेकरी फाटकापाशी शेकोटी करतो आणि तिच्यात लाकडांबरोबर खोकी व थर्माकोलही जाते. शिवाय काही तरुणांना एकतीस डिसेंबरला गच्चीवर लोखंडी शेगडीत जाळ करून मध्यरात्री फटाके उडवायचे आहेत. तळमजल्यावरील एका आजोबांना दमा आहे. कृपया नियमावर बोट ठेवता येईल असे उत्तर द्यावे. ‘सामोपचाराने घ्या’ हा सल्ला कार्यकारिणीने आधीच दिला आहे.

उत्तर : रामबागकर

पाल्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, कारण तेथे सवलत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी रस्त्यावर आणि मोकळ्या सार्वजनिक जागी कचरा जाळण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित अधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घालून साध्या प्रकरणात ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. ‘पाला म्हणजे कचरा नव्हे’ हा युक्तिवाद मी आमच्याकडे ऐकला आहे. पण झाडून गोळा केलेला आणि टाकून द्यायचा पाला कचरा नसेल तर दुसरे काय आहे, याचे उत्तर कोणी देत नाही.

माळव्यातील हिवाळी रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते, त्यामुळे धूर वर न जाता तळमजल्याच्या खिडक्यांशीच रेंगाळतो. आजोबांचा त्रास खरा आहे. पाल्यासाठी कोपऱ्यात जाळीचे गोल कुंपण करावे, थरांमध्ये थोडे शेण किंवा भाजीची देठे टाकावीत, ओल टिकवावी आणि पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करावा. नुसत्या सुक्या पाल्यात नत्र कमी असल्यामुळे तो कुजायला फार वेळ लागतो, शेण त्यासाठीच. स्वयंपाकघरातील उरलेला ओला कचरा कचरागाडीतच जाऊ द्या, कारण देवगुराडियाच्या प्रकल्पात त्यापासून बायो-सीएनजी तयार होतो.

शेकोटीला हाच नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण सुके लाकूड हा कचरा नव्हे. मात्र त्यात थर्माकोल, प्लायवूडचे तुकडे किंवा रंगवलेली फळी पडली की ते कचरा जाळणेच झाले. (इंदूरच्या होळकर राजवाड्यासमोर परंपरेने पेटणाऱ्या सरकारी होळीचा दाखला आपल्याकडे हमखास दिला जातो. गोवऱ्यांची होळी ही एक गोष्ट आणि होळीच्या निमित्ताने जुना सोफा व टायर जाळणे ही दुसरी.)

उत्तर : निवृत्त वकील, टिळकनगर

फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २३ ऑक्टोबर २०१८ चा निकाल पाहावा. दिवाळीत रात्री ८ ते १०, तर नाताळ व नववर्षाला रात्री ११:५५ ते १२:३० एवढाच अवधी त्यात दिला आहे. बेरियमयुक्त फटाके आणि लडी यांना मनाई असून केवळ हरित, म्हणजे कमी प्रदूषण करणारे, फटाके चालतात. त्यांच्या खोक्यावर नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे चिन्ह व क्यूआर कोड पाहून घ्यावा. रुग्णालय, शाळा व न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात आवाजाचे फटाके मुळीच उडवता येत नाहीत.

ही झाली बाहेरची मर्यादा. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांचा त्या हंगामातील आदेश अधिक कडक असू शकतो आणि मग तोच पाळावा लागतो. त्या आदेशाची प्रत सूचनाफलकावर लावावी, म्हणजे वाद सचिवाशी न राहता आदेशाशी राहतो. कार्बाइड गनला, म्हणजे नळीत कॅल्शियम कार्बाइड व पाणी घालून स्फोट करणाऱ्या घरगुती बंदुकीला, तर आवारात थाराच देऊ नये. २०२५ च्या दिवाळीत तिच्यामुळे मध्य प्रदेशात कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

गच्चीवरील जाळाबाबत भारतीय न्याय संहितेचे कलम २८७ तरुणांना वाचून दाखवावे. आगीबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

उत्तर : बांधकाम अभियंता

फक्त गच्चीपुरते सांगतो. गळती थांबवण्यासाठी डांबरी थर दिला असेल तर तेथे शेगडी ठेवूच नये. पत्र्याच्या बंदिस्त खोलीत तर अजिबात नको, कारण तेथे कोंडणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

पुन्हा : नवे सचिव

सर्वांचे आभार. पाल्यासाठी जाळी रविवारी बसेल. तरुणांनी गच्चीचा बेत सोडला आहे; फटाक्यांचे मात्र त्या वर्षीचा आदेश पाहूनच ठरेल. पहारेकऱ्याची शेकोटी बंद करण्याविषयी सभेत एकमत झाले, पण त्याने रात्र कशी काढावी हे कोणीच बोलेना. शेवटी एका वहिनींनी दाखला दिला की, दिल्लीत हिवाळ्यातील प्रदूषण आराखड्यानुसार सोसायट्यांनी पहारेकऱ्यांना विजेचे हीटर द्यायचे असतात. आमच्याकडे तसे बंधन नसले तरी हीटर व वीजबिल देखभाल निधीतून देण्याचा ठराव मंजूर झाला. फाटकापाशी प्लग नाही, म्हणून वायरमनला उद्या बोलावले आहे.